‘मोकळी जमीन’: मुंबईच्या गिरणी-जमिनींच्या वाटपातील एका संज्ञेचा इतिहास

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या अस्तासंबंधी जे लेखन झाले आहे, त्यात १९८२ च्या संपास साहजिकच मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा हा संप रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. तथापि गिरणगावचे आजचे रूप संपानेच ठरविले, असे म्हणणे अपुरे होय. गिरण्या थंडावल्या त्या संपाने. त्यांखालील जमीन कोणाच्या वाट्यास जावी याचा निर्णय मात्र १९९१ चा एक नियम व त्याची २००१ मधील दुरुस्ती यांनी केला.

बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ वा नियम गिरण्यांच्या जमिनींसाठीच होता. पाच हेक्टरांपर्यंतच्या जमिनीपैकी ३३ टक्के महानगरपालिकेस मैदाने, उद्याने इत्यादींसाठी, २७ टक्के म्हाडास सार्वजनिक घरांसाठी, व उरलेली ४० टक्के मालकास, असे वाटप त्यात होते. जमीन पाच ते दहा हेक्टरांची असल्यास हे प्रमाण ३३, ३४ व ३३ असे, आणि त्याहून मोठी असल्यास ३३, ३७ व ३० असे होई. नियमाचा हेतू उदार होता. रचना मात्र सदोष होती. जुन्या इमारती न पाडता त्यांचा नवा उपयोग केल्यास जमीन सोडण्याचे बंधन मालकावर येत नसे. जुन्या भिंतींआड नवे व्यवसाय उभे राहू लागले, आणि दहा वर्षांत सार्वजनिक वाट्यास फारच थोडी जमीन आली. राज्य सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने १९९६ साली एकेका गिरणीचा सुटा विचार न करता त्या जमिनींची एकत्र आखणी सुचविली होती. ती अंमलात आली नाही.

२००१ च्या मार्च महिन्यात नियम बदलण्यात आला. टक्केवारी तीच राहिली. पण ती आता संपूर्ण जमिनीस नव्हे, तर केवळ ‘मोकळ्या जमिनी’स लागू झाली. बांधकामाखालील जमीन, ते बांधकाम पाडल्यानंतरही, वाटपाबाहेर राहिली. या बदलाचा परिणाम समजण्यास गिरणीची वास्तू ध्यानात घ्यावी लागते. सूतकताईची खाती मजल्यांवर असत. परंतु साचेखात्यास यंत्रांचे वजन व हादरे यांमुळे बहुधा एकमजली, करवतीच्या दात्यांसारख्या छपरांची, दूरवर पसरलेली शेड लागे. साहजिकच अनेक गिरण्यांच्या आवारात मोकळी जागा अल्प होती. उदाहरणादाखल दहा हेक्टरांच्या अशा आवाराची कल्पना करावी, की ज्यातील आठ हेक्टरांवर शेडी आहेत. १९९१ च्या नियमाने महानगरपालिकेस ३.३ हेक्टर मिळाले असते. २००१ च्या नियमाने ०.६६ हेक्टर. म्हाडाचा वाटा ३.४ वरून ०.६८ वर येतो. साच्यांच्या सोयीसाठी पूर्वी बांधलेली छपरे अशा रीतीने मालकी हक्काचे साधन बनली.

शासनाची बाजू अगदीच निराधार नव्हती. कागदावरील मोठ्या वाट्यापेक्षा हाती येणारा लहान वाटा बरा, आणि जमीन विकली गेल्यावाचून कामगारांची देणी फिटणार नाहीत, असा तो युक्तिवाद होता. मात्र त्यास दुसरा मार्ग होता: इमारतींच्या पुनर्वापराची पळवाट बंद करणे. तो चोखाळला गेला नाही. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये निर्णय दिला, की बांधकाम पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही ‘मोकळी’च मानली पाहिजे. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून २००१ च्या नियमाचा शासनाने केलेला अर्थ मान्य केला. दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ सालीच आपल्या गिरण्यांची विक्री आरंभिली होती. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांस गेली.

येथे आणखी एक उणीव नोंदविली पाहिजे. लंडनमधील ओसाड पडलेल्या गोद्यांसाठी १९८१ मध्ये स्थापन झालेल्या विकास महामंडळावर, स्थानिक संस्थांचे अधिकार बळकावल्याची टीका पुष्कळ झाली, व ती रास्तही होती. परंतु त्या महामंडळास अंत होता. १९९४ पासून त्याने एकेक विभाग स्थानिक संस्थांच्या स्वाधीन केला, आणि १९९८ मध्ये त्याचे काम थांबले. किती जमीन आली, किती घरे झाली, काय उरले, हे विचारण्यास निदान एक ठिकाण होते. मुंबईत महानगरपालिका, म्हाडा, राज्य शासन व केंद्राचे वस्त्रोद्योग महामंडळ यांच्यात हे काम विभागलेले राहिले. योजना पूर्ण झाल्याचे जाहीर करण्याचा अधिकार वा कर्तव्य यांपैकी कोणाकडेच नव्हते.

म्हणून हिशेब उरला तो अर्जांचा. गिरणीकामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, पुढील मोठ्या सोडती २०१६ व २०२० साली निघाल्या. सुमारे दीड लाख अर्जदारांच्या मानाने या सोडतींतील घरे फारच थोडी होती. अर्जदारांपैकी कित्येक कामगार तोवर दिवंगत झाले असून त्यांच्या जागी वारसांची नावे आली आहेत. २०१८ च्या नव्या नियमावलीत ५८ वा नियम ३५ व्या क्रमांकाने पुढे चालू राहिला. उरलेल्या अर्जदारांसाठी शेलू व वांगणी येथील घरांचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा कामगार संघटनांनी घर मुंबईतच हवे, असे सांगून त्यास विरोध केला. ज्या जमिनीवर ती घरे होऊ शकली असती, तिचा मोठा भाग तोपर्यंत ‘मोकळी नसलेली’ म्हणून वाटपातून वगळला गेला होता.