तेर्स म्हणजे एक तृतीयांश

एका पोर्तुगीज कथेचा अनुवाद करताना ‘तेर्सु’ या शब्दासाठी मी ‘जपमाळ’ लिहून पुढे गेले होते. कथेतली आजी दिवेलागणीला जपमाळ ओढते, असे माझे वाक्य. खर्डा ऐकून गोव्यातल्या एक वृद्ध बाई म्हणाल्या, “बाय, आम्ही माळ ओढत नाही. आम्ही तेर्स म्हणतो.” मराठीत जपमाळ ओढणे म्हणजे तेच ते घोकणे, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

‘तेर्सु’ म्हणजे तिसरा हिस्सा. पण कशाचा? मध्ययुगीन युरोपातल्या मठांत लॅटिन जाणणारे संन्यासी बायबलमधली 150 स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नसे ते त्यांऐवजी येशूने शिकवलेली ‘आमच्या पित्या’ ही प्रार्थना म्हणत आणि दोरीतल्या मण्यांवर मोजत. त्या प्रार्थनेचे पहिले दोन लॅटिन शब्द ‘पातेर नोस्तेर’. माळेलाही तेच नाव पडले. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये असे मणी घडवणाऱ्या कारागिरांचे स्वतंत्र संघ होते. पुढे ‘नमो मरिया’ ही प्रार्थना मुख्य झाली. तिचे दहा-दहांचे 15 गट, आणि प्रत्येक गटासोबत येशू-मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगाचे चिंतन. 1569 मध्ये पोप पाचवे पायस यांनी या रूपाला अधिकृत मान्यता दिली. एका बैठकीत 150 म्हणणे संसारी माणसाला जड. म्हणून घरात 50, म्हणजेच तेर्स.

2002 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी चिंतनासाठी आणखी पाच प्रसंग सुचवले. बेरीज 200 झाली, तिसरा हिस्सा चौथा झाला. नाव मात्र तेर्सच राहिले.

इंग्रजीतल्या ‘बीड’ शब्दाचा मूळ अर्थही प्रार्थना. मणी हा अर्थ मागून आला. म्हणजे तिथे मण्याला प्रार्थनेचे नाव मिळाले. मी नेमके उलटे केले होते: प्रार्थनेला मण्यांचे नाव दिले होते. ज्यांच्या हाती पोथी नव्हती त्यांनी स्तोत्रांच्या संख्येवर सांगितलेला हक्क त्या एका शब्दात शिल्लक आहे, आणि माझ्या ‘जपमाळे’ने तोच पुसला होता.

खर्डा दुरुस्त केला. आजीच्या हातात माळ ठेवली. दिवेलागणीला ती आता तेर्स म्हणते.