अपत्याच्या पोटगीची कालमर्यादा

अपत्याच्या निर्वाहाचे आईवडिलांवरील कायदेशीर दायित्व ज्या टप्प्यावर संपते, त्यास अपत्याच्या पोटगीची कालमर्यादा म्हणता येईल. भारतात हे दायित्व सर्वसाधारणपणे अपत्य सज्ञान होईपर्यंत, म्हणजे १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत असते. मात्र अविवाहित मुलगी, तसेच शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारे अपत्य यांच्या बाबतीत ते त्यापुढेही चालू राहू शकते. त्यामुळे दायित्व केव्हा संपते हे केवळ वयावर नव्हे, तर पोटगी कोणत्या कायद्याखाली मागितली आहे यावरही अवलंबून असते.

सज्ञानतेचे वय

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार व्यक्ती वयाच्या १८व्या वर्षी सज्ञान होते. न्यायालयाने पालक नेमलेल्या अज्ञान व्यक्तीसाठी पूर्वी ही मर्यादा २१ वर्षे होती; १९९९ च्या दुरुस्तीने ती सर्वांसाठी १८ वर्षे करण्यात आली.

फौजदारी प्रक्रियेतील तरतूद

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ मध्ये अपत्याच्या पोटगीची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ ने घेतली. ही तरतूद सर्व धर्मीयांना लागू असून औरस व अनौरस अपत्यांत भेद करीत नाही. सज्ञान अपत्यास या तरतुदीखाली पोटगी मिळते ती केवळ शारीरिक किंवा मानसिक व्यंग अथवा इजा यांमुळे ते स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असेल तेव्हाच. विवाहित मुलगी या अपवादात येत नाही. अज्ञान मुलीचा विवाह झालेला असला आणि तिच्या पतीकडे पुरेसे साधन नसले, तर ती सज्ञान होईपर्यंत वडिलांना पोटगी देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात.

हिंदू कायदा आणि अविवाहित मुलगी

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० नुसार अपत्याच्या निर्वाहाचे दायित्व वडील आणि आई या दोघांवरही आहे. अपत्य अज्ञान असेपर्यंत ते पोटगी मागू शकते. अविवाहित मुलगी आपल्या कमाईतून किंवा मालमत्तेतून स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर ती सज्ञान झाल्यावरही हे दायित्व कायम राहते. तिच्या विवाहाचा वाजवी खर्चही या अधिनियमातील निर्वाहाच्या व्याख्येत समाविष्ट आहे.

या दोन कायद्यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२० च्या निकालात स्पष्ट केला. मूळ अर्ज आईने २००२ मध्ये स्वतःसाठी व अपत्यांसाठी केला होता; प्रकरण प्रलंबित असतानाच मुलगी सज्ञान झाली. केवळ अविवाहित आहे या कारणावरून सज्ञान मुलीस कलम १२५ खाली पोटगी मागता येणार नाही, मात्र १९५६ च्या अधिनियमाखाली ती स्वतंत्र दावा करू शकते, असे न्यायालयाने म्हटले. कौटुंबिक न्यायालयास दोन्ही कायद्यांखालील अधिकार असल्याने योग्य प्रकरणात ते दोन्हींचा एकत्रित विचार करू शकते; दंडाधिकाऱ्यांना तसा अधिकार नाही.

मुस्लिम अपत्ये

मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) अधिनियम, १९८६ मध्ये घटस्फोटित मातेला अपत्याच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत निर्वाहखर्च देण्याची तरतूद आहे. ही मर्यादा अपत्याच्या स्वतंत्र हक्काला लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. कलम १२५ खालील अपत्याचा हक्क सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःचा निर्वाह करू लागेपर्यंत, आणि मुलीचा हक्क तिच्या विवाहापर्यंत राहतो, असे त्यात म्हटले आहे.

मुलगा आणि उच्च शिक्षण

सुदृढ मुलाचा पोटगीचा वैधानिक हक्क १८व्या वर्षी संपतो. हे वय बहुधा बारावीच्या सुमारास, म्हणजे महाविद्यालयीन खर्च सुरू होण्याच्या वेळी येते. त्यानंतरचा भार अनेकदा ज्याच्याकडे मूल राहते त्या पालकावर, बहुतेक वेळा आईवर पडतो. मार्च २०२१ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाची पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत खर्च देण्याचे आदेश वडिलांना दिले. तथापि, पदवीपर्यंत पोटगी देण्याची सर्वसाधारण तरतूद वरील कायद्यांत नाही.

दायित्वावर परिणाम करणाऱ्या इतर बाबी

आईवडिलांचा घटस्फोट किंवा त्यांपैकी कोणाचा पुनर्विवाह यामुळे अपत्याप्रती असलेले दायित्व संपत नाही. हिंदू कायद्यानुसार अपत्य दत्तक दिल्यास ते दत्तक आईवडिलांचे अपत्य मानले जाते. पालकाच्या मृत्यूनंतर वारसांना मिळालेल्या मालमत्तेतून अज्ञान मुलगा व अविवाहित मुलगी यांना, १९५६ च्या अधिनियमातील अटींच्या अधीन राहून, निर्वाह मागता येतो. परिस्थिती बदलल्यास पोटगीची रक्कम कमी किंवा जास्त करण्यासाठी अर्ज करता येतो.

अपत्य सज्ञान झाल्याने आधीच्या काळाची थकबाकी आपोआप माफ होत नाही. कलम १४४ खालील थकबाकीच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.