एका मालवाहू गाडीचा इतिहास

महिंद्रा कंपनीचे मूळ नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते, हे आता बहुतेक वाचकांना ठाऊक असते. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांना सोबत घेऊन पोलादाच्या व्यापारासाठी ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथले ते पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले आणि १९५४ मध्ये त्यांनी तिथली घटना समितीच बरखास्त करून टाकली. इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवर मोहम्मदच्या जागी दुसरे महिंद्रा आले. आपल्या बैठकींत ही गोष्ट हळहळून सांगितली जाते. आम्हाला तिच्यात फारसा रस नाही. गुलाम मोहम्मद हिशेब आणि अर्थखात्यातले जाणकार गृहस्थ. जीपचा एखादा नट त्यांनी कधी पिळला असेल, असे वाटत नाही. मोटारींच्या इतिहासात आपली माणसे शोधायची तर गाडीखाली वाकून पाहावे लागते.

आम्हाला हे सुचले ते एका एफसी-१५० मुळे. मिरजेत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही भाऊ मिळून दोन वर्षांपासून ही मालवाहू गाडी पुन्हा उभी करतो आहोत. चपट्या तोंडाची ही गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस बाजारात आणली. जीपचीच चासी आणि जीपचेच इंजिन, पण ड्रायव्हरची केबिन पुढे सरकवून थेट इंजिनावर बसवलेली. त्यामुळे लहानशा गाडीला मागे मोठा हौदा मिळतो. उन्हाळ्यात मात्र ड्रायव्हरच्या मांड्या भाजून निघतात. साठच्या दशकात महिंद्राने ती आपल्याकडे बनवायला घेतली. आमच्या गाडीची नोंदणी १९७२ ची. तिने सांगलीच्या बाजारात हळदीची पोती नेली, गूळ नेला, शेवटी विटा वाहिल्या, आणि मग एका चिंचेखाली ती बरीच वर्षे उभी राहिली.

अशी गाडी खोलू लागलो की तिच्यात दोन इतिहास सापडतात. एक टोलेडो आणि मुंबईच्या कारखान्यांचा. हरिकेन नावाचे हे चार सिलिंडरचे, २१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन मोठे विचित्र आहे. पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. सगळे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. आपल्या मिस्त्रींनी इंचाचे आठ भाग पाडून त्यांना सूत म्हटले. चार सूत म्हणजे अर्धा इंच. मिलिमीटरच्या हिशेबात हे १२.७ होतात. आजच्या मुलांकडे १३ चा पाना असतो. तो थोडा सैल बसतो, जोर लावला की नटाचे कोपरे मरतात. म्हणून आम्ही आधी पुण्याच्या नाना पेठेतून सुताचे पाने आणले, स्पेअर पार्ट नंतर.

दुसरा इतिहास दुरुस्त्यांचा आहे, आणि तो कुठे लिहिलेला नाही. केबिनच्या तळाला तेलाच्या बॅरलचा पत्रा. मागच्या पाट्यांत दुसऱ्याच कुठल्या ट्रकचा एक जादा पाटा. चासीला उजवीकडे तडा गेलेला, आणि त्यावर जाड लोखंडी पट्टी आठ रिव्हेट ठोकून बसवलेली. ज्याने हे केले त्याने वेल्डिंगचा सोपा मार्ग टाळला. वेल्डिंगच्या आचेने चासीचे पोलाद शेजारी कमजोर होते आणि तडा पुढे सरकतो, हे त्याला माहीत होते. रिव्हेट गरम करून ठोकायला दोन माणसे लागतात, एक घन धरायला आणि एक मारायला. त्यांची नावे आता कोण सांगणार?

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. युद्ध संपल्यावर भारतात उरलेल्या लष्करी गाड्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. त्यांना ना पुस्तके मिळाली ना कंपनीचे पार्ट. ज्यांच्या घरात लोखंडाचे काम होते, त्यांनी त्या उघडून पाहिल्या. मिरजेत हे नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकात इथले फरीदसाहेब शिकलगार हत्यारांचे काम सोडून सतारी बनवू लागले आणि त्यातून मिरजेचा वाद्यांचा धंदा उभा राहिला. आमच्या नात्यातली काही घरे तशीच लेथ आणि वेल्डिंगकडे वळली. त्यात हौस होती, तशीच नाइलाजाचीही बाजू होती. गॅरेजात पोऱ्या म्हणून लागायला दाखला लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आकड्यांनी आले. गॅरेजवाल्यांना ते आधीपासून माहीत होते.

शेडमध्ये भांडण झाले ते त्या पट्टीवरून. धाकट्याचे म्हणणे, सगळे जोडकाम काढा, कुर्ल्याच्या भंगारातून मूळ चासीचा तुकडा शोधा, गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले, त्यांतही मूळ रूप टिकलेले असावे अशी अट आहे. पण ते नियम पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींना आणि प्रवासी चारचाकींना लागू केले गेले. पोती वाहणारी गाडी त्यांत धरलेली नाही. म्हणजे संस्थानिकाची मोटार वारसा ठरते आणि हळदीची गाडी जुने वाहन राहते. जे प्रमाणपत्र मिळायचेच नाही, त्यासाठी पट्टी का काढायची? आम्ही रिव्हेटवर हातोडी मारून पाहिली. एकही सैल नव्हता. बॅरलचा पत्रा गंजला होता, तो काढला. जादा पाटा काढला, कारण आता हिला विटा न्यायच्या नाहीत. पट्टी ठेवली. धाकटा तीन दिवस शेडकडे फिरकला नाही.

इंजिन बांधायला गल्लीतले एक वयोवृद्ध चाचा येतात. सत्तरी ओलांडली आहे, नजर अधू झाली आहे. व्हॉल्व्ह सीटवर नीट बसला का, हे ते बोट फिरवून सांगतात. त्यांचा एक मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, दुसरा आखातात आहे. हे काम शिकायला त्यांच्याकडे आता कोणी नाही, आणि आम्हीही तसे उशिराच आलेले शागिर्द. म्हणून ते बोलतात तेव्हा आमच्यापैकी एकजण वही घेऊन बसतो. कुठला पार्ट कुठल्या गाडीचा घासून बसतो, कोणते पॅकिंग भिजवून लावायचे, ठिणगीचा क्रम १-३-४-२. गेल्या जुम्म्यानंतर त्यांनी हेडचे नट कोणत्या ओळीने आवळायचे ते खडूने शेडच्या भिंतीवर काढून दिले: मधून सुरुवात, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, तीन फेऱ्यांत.