खरडा पुसण्याआधी 'ड्युको'चा इतिहास वाचा

इंदापूर तालुक्यात नीरेच्या परिसरात उसाचे मळे आणि साखर कारखाना उभारून ज्यांनी वालचंदनगर वसवले, त्याच शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि 'फियाट' व 'पद्मिनी' घराघरांत पोहोचल्या.

अशी गाडी तुमच्या आजोबांच्या वाड्यात उभी असेल आणि तिच्यावरचा खरडा काढायला हात शिवशिवत असतील, तर जरा थांबा. त्या रंगाला इतिहास आहे, आणि चुकीच्या हाताने तो दहा मिनिटांत पुसला जातो.

आरंभीच्या मोटारींना व्हार्निशचे थर ब्रशने देत. ते वाळायला आठवडे लागत. १९२३ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचा 'ड्युको' आला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर निळाईत झळकला. आठवड्यांचे काम तासांवर आले. (त्यातील नायट्रोसेल्युलोज हे धूरविरहित बंदुकीच्या दारूचे सख्खे भावंड, आणि ड्यूपाँ मूळची दारूगोळा करणारीच!) कंपनीचे ते नाव आपल्या गॅरेजांत इतके रुजले, की जुने पेंटर त्या जातीच्या रंगाला आजही 'ड्युको' म्हणतात.

ड्युको वाळला की मंद दिसे. चकाकीसाठी त्यावर रबिंग कंपाउंड चोळावे लागे. आज जे खरडे घालवण्याचे औषध मानले जाते, तो तेव्हा रंगकामाचाच अखेरचा हात होता. कंपाउंड डाग पुसत नाही, रंग झिजवते.

म्हणून आधी गाडी भरपूर पाण्याने धुवावी. धुळीचा एक कण नवे ओरखडे पाडतो. नख अडकत नसेल, तर बहुधा दुसऱ्या वस्तूचा रंग वर चिकटलेला असतो. मऊ फडक्याने थोडेसे कंपाउंड हलक्या हाताने फिरवावे, मग पॉलिश. नख अडकले, तर घासून उपयोग नाही.

फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाही. जुन्या गाडीत हे स्वाभाविक. नव्या गाडीत मात्र तिथेच थांबावे, कारण तिथे सगळे थर मिळून जाडी साधारण कागदाएवढी, सुमारे १०० मायक्रॉन.

थिनर मात्र जपून. ड्युको केवळ द्रावक उडून वाळतो, त्यामुळे कित्येक वर्षांनीही थिनरने विरघळतो; भट्टीत भाजलेला एनॅमल सहसा विरघळत नाही. गॅरेजात भट्टी नसे, म्हणून अपघातानंतरचे रंगकाम अनेकदा ड्युकोत होई. दाराच्या आतल्या कडेला थिनरचे किंचित ओले फडके टेकवून पाहा. एक दार रंग सोडते आणि शेजारचे सोडत नाही असे आढळले, तर पहिल्याला केव्हातरी ठोकर बसली असावी.