छत्र आणि छत्री

खराडी बायपासच्या चौकात परवा एक फ्लेक्स लागला होता. फुलांच्या चौकटीत फेटा बांधलेल्या आजोबांचा फोटो आणि खाली दोनच शब्द : 'पितृछत्र हरपले'. बाप गेला की मराठी माणसाच्या डोक्यावरचे छत्र जाते.

'छद्' म्हणजे झाकणे. त्या धातूपासून छत्र. ते ज्याच्या माथ्यावर धरायचे तो छत्रपती. गाड्याची गाडी, सुऱ्याची सुरी, तशी छत्राची छत्री झाली. पावसात आपण काखोटीला मारतो तीही छत्री आणि उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याचीही छत्रीच.

तिसरी छत्री पाहायला मुंढव्याचा पूल ओलांडून, हडपसरवरून वानवडीला जावे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी शिंदे इथे वारले. त्यांनीच बांधायला घेतलेल्या शिवमंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे. सभामंडपाच्या भिंतींवर शिंदे घराण्यातल्या पुरुषांची चित्रे ओळीने लावली आहेत. कण्हेरखेडच्या या घराने फार माणसे गमावली. जयाप्पा नागौरला गेले, दत्ताजी बुराडी घाटावर पडले, पुतण्या जनकोजी पानिपतानंतर मारला गेला. महादजी तिथून जखमी पायानिशी वाचले आणि जन्मभर लंगडत राहिले. पुढे १७७२ मध्ये दिल्लीच्या बादशहाला त्यांनी तख्तावर परत बसवले, तरी स्वतःला पाटीलच म्हणवले.

रायगडावर छत्रपतींची असते ती समाधी. वानवडीच्या वास्तूला मात्र लोक छत्री म्हणतात. राजस्थान-माळव्यात स्मारकाला हाच शब्द आहे आणि शिंद्यांची सारी हयात त्या मुलखात गेली. मला तो नेमका वाटतो. छत्र धन्याचे, छत्री त्याच्या सरदाराची.

धनी, त्याचा सेवक आणि डोक्यावरची सावली यांचे असेच नाते इजिप्तमध्येही सापडते. तुतनखामेन राजाचा खजिनदार माया 'राजाच्या उजव्या हाताचा पंखाधारी' असा किताब मिरवायचा. सक्कारा इथली त्याची आणि त्याची पत्नी मेरित हिची कबर १९८६ मध्ये पुन्हा सापडली. इजिप्तच्या जुन्या चित्रलिपीत 'सावली' हा शब्द लिहायला छत्रीसारख्याच आडोशाचे चित्र काढत आणि सावली हा माणसाचा मरणानंतरही उरणारा अंश मानत. आपल्या छत्रछायेतली छाया तीच.

वानवडीच्या आवारात छत्री उघडत नाहीत. ती उघडणे हा महादजींचा अवमान समजतात. पावसाळ्यात गेलात तर ती दाराशीच मिटा आणि तसेच भिजत आत जा.