आधी राजाचे, मग सरदाराचे

१ ऑगस्ट १०८६. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या टेकडीवरचा किल्ला. तुम्ही नॉर्मन शिलेदार आहात. तलवार सोडून ठेवलीय, डोकं उघडं आहे, आणि आता तुमचीच पाळी आहे.

गुडघे टेका. जोडलेले हात पुढे करा. विल्यम राजा ते आपल्या दोन्ही हातांत घेतो, आणि तुम्ही त्याचे होता.

हाच विधी तुम्ही पूर्वी तुमच्या सरदारापुढे केला होता. त्याने गाव दिलं. तुम्ही घोडा, भाला आणि गरज पडली तर जीव देऊ केलात. आज तो सरदारही याच गर्दीत आहे. उद्या तो राजावर उलटला, तर तुम्ही कोणाच्या बाजूने? राजाने तुमच्याकडून आजच वदवून घेतलं: सगळ्यांविरुद्ध, आधी राजाच्या. गेल्या वर्षी डेन्मार्कच्या स्वारीची धास्ती होती. त्या धास्तीचाही यात वाटा असावा.

गाव तरी तुमचं कुठे आहे? तुमच्यामागे मुलाला नजराणा भरूनच ते मिळेल. तो अज्ञान असला तर गावाचं उत्पन्न सरदाराकडे जाईल.

यंदा राजाचे अधिकारी गावोगाव चौकशी करत फिरताहेत. आता जमीन कोणाची, नांगर किती, कुळं किती, गुलाम किती, पाणचक्की आहे का? आणि नॉर्मन येण्याआधीच्या एडवर्ड राजाच्या वेळी ती कोणाची होती? या शेवटच्या प्रश्नावर तुमच्या गावकऱ्यांनी एका इंग्रजाचं नाव सांगितलं. या सगळ्या व्यवहारात मला तेच नाव सर्वांत जास्त बोचतं. सरदाराने तुम्हाला दिलेली जमीन त्या माणसाकडून हिसकावलेली होती, आणि राजाचे कारकून ते दप्तरात लिहूनही ठेवताहेत.

तिकडे गावात सुगी आहे. नॉर्मन येण्याआधीपासूनची रीत एका जुन्या इंग्रजी लेखात नोंदलेली आहे: वेठीच्या कुळाला दोन बैल, एक गाय, सहा मेंढ्या आणि सात एकर पेरलेली जमीन मिळते. बदल्यात आठवड्याचे दोन दिवस धन्याच्या शेतात राबायचं, सुगीत तीन. तो मेला की मागे उरेल ते धन्याचं.

त्याला सॉल्झबरीला कोणी बोलावलेलं नाही. पण तुमच्या घोड्याचा दाणा, तुमचं चिलखत आणि उद्या तुमच्या मुलाने भरायचा नजराणा, हे सगळं त्याच्या त्या तीन दिवसांतूनच निघणार आहे.