तबकडीवरचे खेळ

तबकडी म्हटली की गोव्यातल्या जुन्या माणसांना ग्रामोफोन आठवतो, आणि ग्रामोफोनवर केरीच्या केसरबाई. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे बसत. मैफलीत तासभर चालणारा राग तेवढ्यात मांडायचा, म्हणजे आलाप कुठे आवरायचा आणि तान कधी घ्यायची, हे गायिकेइतकेच तबकडीही ठरवायची. संगीताबाबत हे आपण पुष्कळदा बोलतो. संगणकावरच्या खेळांच्या बाबतीतही हेच घडले, पण त्याची नोंद आपल्याकडे कोणी फारशी घेत नाही. खेळ म्हणजे पोरखेळ, हा आपला समज!

सुरुवात फ्लॉपीने झाली. आयबीएमने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आणली, १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली आणि ऐंशीच्या दशकात सोनीची साडेतीन इंची, कडक कवचाची. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पडली ती ही शेवटची. तिच्यात १.४४ एमबी मावत. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही बहुधा तिच्यात बसणार नाही, पण तेव्हा अख्खा खेळ बसत असे. ज्यांचा पसारा मोठा, ते एकाऐवजी अनेक फ्लॉप्यांवर येत. 'मंकी आयलंड'चा दुसरा भाग अमिगा संगणकासाठी अकरा फ्लॉप्यांवर होता. पात्र एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेले की खेळणाऱ्याने उठून फ्लॉपी बदलायची.

फ्लॉपीची नक्कल करणे सोपे होते, म्हणून कुलूप वेगळ्या जागी लावले जाई. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मध्ये पहिला टप्पा संपला की अक्षरे लिहिलेल्या औषधांच्या बाटल्या समोर येत. छापील पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर शोधून तीच बाटली प्यायची. चुकलात तर राजपुत्राचा प्राण जायचा. आमच्याकडे फ्लॉपी आली ती मित्राच्या मित्राकडून. पुस्तिका कुठून असणार? आम्ही बाटल्यांचा अंदाज बांधत बसायचो. 'डेव्ह' तर सगळ्यांनीच खेळला असेल. जॉन रोमेरोने तो १९८८ मध्ये 'अपटाइम' नावाच्या मासिकासाठी केला होता, आणि हे मासिक कागदावर नव्हे, फ्लॉपीवरच निघायचे. १९९३ च्या डिसेंबरात आलेल्या 'डूम'ने तर पहिला भाग फुकट वाटला आणि लोकांना सांगितले की खुशाल प्रती काढा.

मग सीडी आली. ६५० एमबी, म्हणजे साडेचारशे फ्लॉप्या एका तबकडीत. जागा मिळाली तशी ती भरायची हाव सुटली. १९९३ च्या 'मिस्ट'ने त्या जागेत चित्रासारखे बेट उभे केले, हे मला आजही मोठे काम वाटते. पण पुढे खऱ्या नटांचे चित्रीकरण खेळात कोंबायची टूम निघाली आणि १९९५ चा 'फँटसमॅगोरिया' सात सीड्यांवर गेला. खेळण्यापेक्षा बघणेच अधिक. जागा वाढली म्हणून कला वाढते असे नाही, हे आमच्या तियात्रांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडी पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

सीडीने आपल्याकडे केलेले खरे काम मात्र वेगळेच आहे. १९९९ च्या मे महिन्यात मी ग्वाल्हेरला मावशीकडे गेलो होतो. लष्कर भागातल्या दाना ओलीत ती राहायची. (ओली म्हणजे आपली ओळच, असे मी मनाशी धरून चाललो.) घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मावसभावाच्या टेबलावर पाहतो तर मुंबईहून निघणाऱ्या 'चिप' मासिकाच्या सीड्या, नंबर घालून ओळीने लावलेल्या. त्याच सीड्या माझ्याकडे पणजीला होत्या! याच मासिकाचे २००१ मध्ये 'डिजिट' झाले. इंटरनेट होते ते टेलिफोनच्या तारेवरचे, मिनिटामिनिटाला पैसे घेणारे. तेव्हा या सीडीवरून खेळांचे नमुने घरोघर पोचत. नमुना म्हणजे एखाददुसरा टप्पा. मी आणि भाऊ डझनावारी खेळांचे पहिले टप्पे तोंडपाठ म्हणून दाखवू शकत होतो, दुसरा टप्पा दोघांनीही पाहिला नव्हता.

पुढचे पटकन सांगतो, कारण ते पटकनच झाले. ४.७ जीबीची डीव्हीडी आली आणि २००६ च्या प्लेस्टेशन ३ बरोबर ब्लू-रे. पण त्याआधीच, २००४ च्या नोव्हेंबरात, 'हाफ-लाइफ २' आला होता. तबकडी विकत घ्या, तरी इंटरनेटवरून 'स्टीम'ची परवानगी मिळाल्याशिवाय खेळ उघडणार नाही. तबकडीचा मालक कोण, हा प्रश्न तिथे सुरू झाला. पुढे पीसीच्या डब्यातून तबकडीच गेली, आत नुसता आकड्यांचा कागद. असा खेळ मित्राला दोन दिवस देता येत नाही, की जुन्या बाजारात विकता येत नाही.

आता आपल्या घरचे. मुंबईच्या मिताशीने २००२ मध्ये भगतसिंगांवर खेळ काढला, तो सीडीवर. मुंबईच्याच ट्राइनने २०१० मध्ये प्लेस्टेशन २ साठी गल्ली क्रिकेटचा खेळ काढला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये आला, तो थेट डाउनलोड होऊनच. यांतले काय उरेल? १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना द्याव्या लागतात. त्या कायद्यात पुस्तके आहेत, वर्तमानपत्रे आहेत, तबकड्या नाहीत. म्हणजे एखादी फुटकळ कादंबरी सरकारी कपाटात सुरक्षित, आणि भगतसिंगांचा खेळ ज्याच्या त्याच्या माळ्यावर.

माळ्यावरची सीडी चांगली असली तरी अडचण सुटत नाही. नक्कल रोखण्यासाठी अनेक सीड्यांत 'सेफडिस्क' नावाचे कुलूप असे. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने सुरक्षेच्या कारणाने त्याला हाकलले. तेव्हा रीतसर पैसे मोजून घेतलेला खेळ आज चालत नाही, आणि कुलूप मोडलेली चोरटी प्रत मात्र चालते!

तुमच्याकडे जुन्या सीड्या असतील तर एक ध्यानात ठेवा. आपण खालची चकचकीत बाजू जपतो आणि वरच्या, चित्राच्या बाजूवर बॉलपेनने खुशाल लिहितो. सीडीतली माहिती त्या चित्राच्या लगेच खाली, पातळ लाखेच्या थराआड असते. खालचा ओरखडा पुष्कळदा घासून काढता येतो, वरचा गेला तो गेला. डीव्हीडीत ती दोन थरांच्या मध्ये असते, म्हणून ती जरा सोशिक. तबकड्या उभ्या ठेवा, आमच्या पावसाळ्यात तर कोरड्या डब्यातच ठेवा, आणि वाचणारा ड्राइव्ह घरात आहे तोवर त्यांची प्रतिमा हार्ड डिस्कवर काढून घ्या. भगतसिंगांची सीडी कुणाकडे निघाली तर मला कळवा.